न धुतलेलं दुपटं

आमच्या विहीणबाईंविषयी मला कुणी काही विचारू नये. विचारलंत तर मी चांगलंच सांगेन. वाईट सांगण्यासारखं त्या बाईनं काही ठेवलेलंच नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

माझा मुलगा परदेशात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. बायकोही त्यानं तिथलीच केली. सूनबाई दातांच्या दवाखान्यात काम करते, हसतमुख आहे, मुलाकडून शिकलेलं मराठी बोलते, मला ‘आई’ म्हणते. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते तिच्या आईबद्दल. लग्न तिकडेच झालं, कचेरीत सह्या करून. मी ते फोनवर पाहिलं, आणि फोटोत विहीणबाई पुढच्या रांगेत मधोमध उभ्या. वरमाय म्हणून मिरवायचं माझं राहिलं ते राहिलंच. पण नात झाली तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की लग्नातला मान गेला तर गेला, नातीच्या बाबतीत मी मागे राहायची नाही. ह्यांना म्हटलं, “मी जाऊन येते. सूनबाईची रजा संपत आली, मुलीला बघायला कुणीतरी हवं.” हे म्हणाले, “जा. पण भांडून येऊ नकोस.” जसं काही मी भांडायलाच जात होते.

विमानतळावर दार सरकलं आणि समोर मुलगा, सून, आणि एक उंच, रुंद खांद्यांची बाई. माझी नात तिच्या कडेवर. आईच्या नाही, बापाच्या नाही, हिच्या! मी पर्स खाली टाकून हात पुढे केले. नातीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्या बाईच्या मानेत तोंड खुपसलं. बाईनं तिची पाठ थोपटली आणि माझ्याकडे बघून हसली. हसू मनापासूनचं होतं. ते मला कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त झोंबलं.

नातीचं नाव दोन्हीकडच्या लोकांना उच्चारता यावं असं काहीतरी शोधून ठेवलंय. मी तिला भिंगरी म्हणते. चालायला लागल्यावर ती पुढे जायचं सोडून स्वतःभोवतीच गरगर फिरायची आणि धपकन बसायची. बसली की टाळ्या. आमच्या घराण्यात असं आनंदी कुणी नाही, तेव्हा हेही विहीणबाईंकडूनच आलं असणार.

आता बाईंबद्दल सांगते. त्यांची लाँड्री आहे, मुलाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, कोपऱ्यावर. पुढे काऊंटर, त्यावर पितळी घंटी, गिऱ्हाइकानं दाबायची. भिंतीला लागून गोल काचांची मशिनं. मागे एक खोली, तिथे इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि चादरींच्या थप्प्या. लेक लहान असताना नवरा गेला. वर गेला की दुसरीकडे गेला ते मी विचारलं नाही. तेव्हापासून ही बाई एकटीनं लोकांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, डॉक्टरांचे कोट धुतेय. एवढी मोठी चादर एकटीच दोन हातांत धरते, हनुवटीखाली दाबते, झटकते, आणि बघता बघता पुस्तकाएवढी घडी. डावा गुडघा गेलाय. जिना उतरताना तोंडातून हूं की चूं काढत नाही, पण कठडा असा धरते की बोटं पांढरी पडतात. भाषा माझी तिला येत नाही, तिची मला येत नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत आमचं चालतं. त्यातही ती कमी बोलते आणि मी जास्त.

एक खोड आहे तिला. डाग दिसला की राहवत नाही. पहिल्याच आठवड्यात चहा पिताना माझ्या पदरावर एक थेंब पडला, तर ही उठली, ओलं फडकं आणलं आणि मी बसल्याजागी तो टिपून मोकळी झाली. मलाच कुणीतरी धुवायला टाकल्यासारखं वाटलं. फोनवर ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, “अगं, चांगलं आहे की. फुकटात.” ह्यांना काय कळणार!

आणि भिंगरी? बाईंचं पाऊल जिन्यात वाजलं की भिंगरी दाराशी. पहिली हाक मारली तीही तिलाच. दोन अक्षरी, त्यांच्या भाषेतली. मी समोर बसून दिवसभर “आज्जी म्हण, आज्जी” करून घसा कोरडा केला, आणि पोरगी दाराकडे बोट दाखवून त्या बाईला हाक मारते! मुलगा हसून लोटपोट. मीसुद्धा हसले. हसू कसलं, दात दाखवले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. अहो, मी बालवाडीची बाई. सगळी हयात माझी लोकांची पोरं सांभाळण्यात गेली. रडकी, ओरबाडणारी, चावरी, सगळी माझ्याकडे येऊन गप्प व्हायची. आणि माझीच नात मला परकी!

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. झोप.

त्या घरात मुलीला दुपारी कठड्याच्या पलंगात ठेवायचे आणि दार लोटायचे. ती रडायची, थांबायची, परत रडायची. माझ्यानं ते ऐकवेना. एक दिवस मी उचललं तिला, जमिनीवर बसले, पाठ भिंतीला, पाय लांब. पायांवर माझं दुपटं पसरलं. जुन्या सुती साड्यांचं, मुलगा लहान होता तेव्हाचं. येताना बॅगेत घातलं होतं, आणि विमानात गारठा लागला म्हणून मीच अंगावर घेऊन आले होते. घरातही थंडी वाजायची, मग रोज रात्री माझ्याच पांघरुणात. त्या दुपट्यावर भिंगरीला उताणं ठेवलं, डोकं माझ्या पावलांकडे. पाय डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. एक हात छातीवर थोपटत आणि तोंडानं एकसुरी, “हां हां, झोपा हां. हां हां, झोपा हां.” गाणं बिणं काही नाही. बालवाडीत मी हेच म्हणायचे आणि पोरं पटापट आडवी व्हायची.

भिंगरीनं माझ्याकडे टकामका पाहिलं, एक जांभई दिली आणि झोपून गेली. मला तर बाई आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं.

मग रोजचंच झालं. दुपार झाली की भिंगरी स्वतः दुपटं ओढत माझ्याकडे यायची. पलंगात ठेवली तर आकांत. सूनबाई म्हणाली, “आई, तिला सवय लागली.” मी म्हटलं, “लागू दे गं, लहान आहे.” मनात म्हटलं, लागू दे, चांगली घट्ट लागू दे. पोर माझ्याशिवाय झोपत नाही म्हटल्यावर मला परत कोण पाठवतंय?

कारण तोच प्रश्न घरात चालला होता. माझी राहण्याची मुदत संपत आली होती. सूनबाई पूर्णवेळ कामावर जायला लागली होती. भिंगरीला दिवसभर कुणाकडे ठेवायचं? एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, “आई, बघू या. तिची आजी म्हणतेय लाँड्रीत ठेवते म्हणून. मागची खोली आहे. दुपारी तिथे झोपली तर प्रश्नच मिटला. नाही झोपली, तर मग तू थांबशील का? मुदत वाढवून घेता येईल. बाबांचं काय ते बघू.”

थांबशील का म्हणे! मी तर मनातल्या मनात बॅग रिकामी करून कपाट लावायला घेतलं होतं. वरवर म्हटलं, “बघा बाई तुम्ही, तुमच्या सोयीनं.”

आठवड्यातले तीन दिवस लाँड्री, बाकी दिवस मी, असं ठरलं. त्याच्या आदल्या रविवारी विहीणबाई घरी आल्या होत्या. दुपारी मी आतल्या खोलीत भिंगरीला पायावर घेतलं. पाय हलवतेय, थोपटतेय, आणि वर बघते तर दाराच्या फटीत बाई उभ्या. अगदी डोळे बारीक करून माझे पाय बघतायत. माझ्या डोक्यात सण्णकन गेलं. अगं, हेही हवं का तुला? हाक तुझी, कड तुझी, हे तेवढं माझं आहे. भिंगरीचे डोळे तेव्हा मिटत आले होते. मी हातानंच खूण केली, जा, दार लावा, उठेल ती. बाईंनी लगेच मान हलवली, चोरपावलांनी मागे सरकल्या आणि कडीचा आवाजसुद्धा न करता दार ओढून घेतलं. मी विजयी मुद्रेनं भिंगरीला खाली ठेवलं, पाय मोकळे केले आणि बाहेर येऊन चहा केला. दोघींचा. एवढी मी वाईट नाही.

पहिल्या आठवड्यात भिंगरी लाँड्रीतून आली ती डोळे चोळत, किरकिरत, केस विस्कटलेले. झोपली नव्हती. “अगंबाई, झोपलं नाही का माझं बाळ?” मी म्हटलं, चेहऱ्यावर केवढी ती काळजी, आणि आत नुसत्या गुदगुल्या. तिला पायावर घेतलं, दोन हेलकाव्यांत गार. मुलानं बायकोकडे बघितलं. मी दुपट्याची किनार सारखी करत बसले, जसं काही मी पाहिलंच नाही. ह्यांना फोन केला, “तुम्ही आणखी काही महिने स्वतःचं स्वतः करू शकाल ना?” हे म्हणाले, “मी आत्ताच करतोय. भात करपतो, पण खातोय.”

दुसऱ्या आठवड्यात भिंगरी आली ती ताजीतवानी. गालांवर झोपेचा लालिमा. आल्या आल्या गिरकी, टाळ्या. मी तिला उचलून नीट पाहिलं. झोप झाली होती, वादच नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच.

“कशी झोपली?” मी मुलाला विचारलं.

“काय माहीत. ती म्हणते, जमलं.”

“जमलं म्हणजे? पलंगाशिवाय, दुपट्याशिवाय, त्या मशिनींच्या धडधडीत? काही पाजत बिजत नाही ना ती? सर्दीचं औषध वगैरे? त्यानं पोरं गुंगतात.”

“आई!” मुलगा एकदम मोठ्यानं म्हणाला. “काहीही काय बोलतेस?”

पण डोक्यातला भुंगा काही जाईना. माझी एकच गोष्ट होती आणि ती बाई तीही काय करून घेऊन गेली हे मला कळायलाच हवं होतं. पुढच्या लाँड्रीच्या दिवशी दुपारी मी पलंगावरची चांगली धुतलेली चादर काढली, चुरगाळली, पिशवीत कोंबली आणि निघाले. कुणी विचारलं तर धुवायला आले म्हणून सांगता आलं असतं. बाहेर अजून गारठा होता म्हणून दुपटंही शालीसारखं खांद्यावर घेतलं.

काऊंटरशी एक म्हातारा गिऱ्हाईक उभा होता. घंटी दाबत होता, थांबत होता, परत दाबत होता. आतून कुणी येईना. एक मशीन थांबून टुईं टुईं करत होतं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून खांदे उडवले, हातातलं गाठोडं काखेत मारलं आणि निघून गेला. मला धस्स झालं. बाईंना काही झालं तर नाही? भिंगरी कुठाय? काऊंटरची फळी उचलून मी थेट आत घुसले.

मागच्या खोलीत बाई जमिनीवर बसल्या होत्या. पाठ चादरींच्या थप्पीला, पाय लांब. पायांवर भिंगरी उताणी, तोंड उघडं, गाढ झोपलेली. बाई पाय हलवत होत्या, माझ्यासारखेच, डावीकडे, उजवीकडे, जरा ताठ, मशीन फिरावं तसे. हात छातीवर. आणि तोंडानं काय चाललं होतं माहीत आहे? “हां हां, झोपा हां. हां हां, झोपा हां.” उच्चार वेडेवाकडे, पण सूर माझा. जसाच्या तसा माझा.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. चोरटी! दाराच्या फटीतून बघून चोरलं! मी तोंड उघडणार, इतक्यात बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचं कपाळ घामानं भिजलंय आणि डावा गुडघा टरारून सुजलाय. बाहेर परत कुणीतरी घंटी दाबली. बाईंनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग भिंगरीखाली अडकलेल्या स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि दोन्ही हात वर उचलून उलटे केले. आता हिला खाली कसं ठेवायचं?

अहो, तिला ते माहीतच नव्हतं!

कसं माहीत असणार? दार लावून जा म्हणून मीच तर हाकललं होतं. झोपवायचं तेवढं तिनं पाहिलं होतं, पुढचं पाहायच्या आत मी दार बंद करायला लावलं होतं. तिनं एकदोनदा उचलून बघितलं असणार आणि पोर किंचाळली असणार. म्हणून ही बाई तशीच बसून राहायची. दर खेपेला, भिंगरी आपणहून जागी होईपर्यंत. घंटी वाजत राहायची, मशिनं ओरडत राहायची, गिऱ्हाइकं निघून जायची, गुडघा सुजत जायचा, आणि ही हां हां झोपा हां करत बसायची. संध्याकाळी लेकीला सांगायची, जमलं.

सगळं माझ्या हातात होतं. मी नुसती भिंगरीला उचलली असती तरी पुरे होतं. ती जागी झाली असती, रडली असती, माझ्या गळ्यात पडली असती. संध्याकाळी मी म्हटलं असतं, अरे, तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला झेपत नाही रे, कशाला त्रास द्यायचा. खोटंही नव्हतं. मुलगा म्हणाला असता, आई, थांब. एवढंच तर ऐकायला मी कान टवकारून बसले होते. खरं सांगते, मी पुढे झाले ती उचलायलाच.

आणि मग मला एक विचार आला. मी अशी बसले असते का? माझे पाय दुखले की मी भिंगरीला खाली ठेवते. मला ठेवता येतं, म्हणून मी कधी बसलेच नाही. आणि हिला ठेवता येत नाही म्हणून ही बसते, सुजलेल्या गुडघ्यानं, धंदा सोडून. उद्या भिंगरी मोठी झाल्यावर तिला कुणीतरी सांगणारच, बघ गं, तुझी ही आजी तुझ्यासाठी पाय बधिर होईपर्यंत बसायची. आणि दुसरी आजी? दुसरी तिकडे मजेत चहा करून प्यायची. छे छे! ते मला मरेपर्यंत सहन झालं नसतं. एवढा मोठेपणा मी त्या बाईला मिळू देणार नव्हते.

मी खांद्यावरचं दुपटं काढलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

“थांबा,” मी मराठीतच म्हटलं. “हलू नका.” दुपट्याची घडी करून भिंगरीच्या मानेकडून हळूहळू आत सरकवली, पाठीखालून, पार पायांपर्यंत. बाई श्वास रोखून बघत होत्या. मग त्यांचा हात धरून भिंगरीच्या छातीवर ठेवला, वर माझा. पाय हलवणं कमी, कमी, आणखी कमी. थोपटणं चालू. मग त्यांच्या एका मांडीला मी बोट लावलं. हा आधी. त्यांनी एक पाय दुपट्याखालून काढला. भिंगरीनं ओठ चोखले. मी भुवया उंचावल्या, थांबा. मग दुसरा पाय, दुखरा. तो मीच दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढला. दुपट्यासकट भिंगरी जमिनीवर अलगद उतरली. हात तेवढा छातीवर राहू द्यायचा, थोडा वेळ, मग एकेक बोट उचलायचं.

बाईंनी एकेक बोट उचललं. भिंगरी झोपलेलीच.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान फिरवली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, लंगडत बाहेर गेल्या. काऊंटरवर त्यांचा आवाज ऐकू आला, गिऱ्हाइकाशी हसून बोलत होत्या. मी तिथेच बसून राहिले. मला स्वतःचाच असा राग आला होता की विचारू नका.

संध्याकाळी बाईंनी घरी येऊन सगळ्यांना करून दाखवलं, भिंगरीच्या जागी उशी घेऊन. मी कसं शिकवलं ते रंगवून सांगितलं. आपण किती दिवस अडकून बसलो ते मात्र बोलल्या नाहीत. मुलानं मला मिठी मारली. “आई, तू तर प्रश्नच सोडवलास! आता तुला इथे अडकवायला नको. बाबा पण बिचारे एकटेच आहेत.” मी म्हटलं, “हो ना, आणि भात करपवतायत.” सगळे हसले. रात्री मी बॅग परत भरायला घेतली.

दुपटं मी लाँड्रीतच ठेवलं होतं. द्यावंच लागलं, त्याच्याशिवाय पाय निघत नाहीत. पण त्यानंतरच्या खेपेला संध्याकाळी बाई आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. हातात कागदी पिशवी. पिशवीतून दुपटं काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. दुपटं धुतलं होतं. नुसतं धुतलं नव्हतं, इस्त्री करून पुस्तकाएवढी घडी घातली होती. डाग नाही, चुरगळ नाही, किनारी ताठ. मी उचलून नाकाला लावलं. नुसता साबण.

“अहो, काय केलंत हे?” मी ओरडलेच. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

बाई तिच्याशी भराभरा बोलल्या. सूनबाई मला सांगायला लागली. दुपट्यावर दुधाचा डाग होता म्हणून आईनं सवयीनं धुतलं. आता भिंगरी पायावर झोपते, पण पाय काढून घेतले की दुपटं हुंगते आणि जागी होते, रडते. आधी नव्हती होत. बाई मध्येच थांबवून पुढे आल्या. दुपटं स्वतःच्या नाकाला लावलं आणि नकारार्थी मान हलवली. मग तेच माझ्या खांद्याला लावलं, दाबून धरलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. आपल्यासारखेच जोडले, कुठे पाहिले होते कोण जाणे.

“ती म्हणतेय,” सूनबाई हळूच म्हणाली, “तुम्ही जाईपर्यंत हे तुमच्याजवळ ठेवा. तुमच्या वासाशिवाय ती झोपत नाही.”

आयुष्यभर लोकांचे कपडे धुतलेली बाई, कपडा धुतला म्हणून माझी माफी मागत होती. माझ्या नातीला माझा वास लागतो, हे मला सांगायला तिला लाज वाटली नाही. मी असते तर मेले असते तरी सांगितलं नसतं.

मग काय, जाईपर्यंत मी ते दुपटं अंगावेगळं केलं नाही. रात्री पांघरलं. दिवसा कमरेला गुंडाळून स्वयंपाक केला. मुलगा म्हणायचा, “आई, हे काय सोंग?” मी म्हणायचे, “तुला काय करायचंय?” आपल्या पाठीमागे आपल्या नातीनं दुसरीच्या पायावर सुखानं झोपावं, म्हणून मी राबत होते. मला स्वतःची कीव येत होती आणि तरी रात्री मी ते आणखी घट्ट ओढून घेत होते. निघायच्या दिवशी विमानतळावर बाईंच्या हातात दिलं आणि बोट दाखवून दम भरला, “पुन्हा धुतलंत तर बघा!” भाषेची गरज पडली नाही. त्यांनी दुपटं छातीशी धरलं आणि मान हलवली. भिंगरी त्यांच्या कडेवर होती. मी तिचा पापा घेतला आणि दार सरकायच्या आत वळले, मागे बघितलं असतं तर तिनं पुन्हा मानेत तोंड खुपसलेलं दिसलं असतं.

इकडे येऊन आता बरेच महिने झाले. परवा दुपारी सूनबाईनं लाँड्रीतून फोन लावला, चित्राचा. मागची खोली. बाईंचे पाय दुपट्याखालून निघतच होते, आधी एक, मग दुखरा. भिंगरी केवढी लांब झालीय, पाय दुपट्याच्या बाहेर. बाईंनी बोटं उचलली, फोनकडे बघून हसल्या आणि दुपट्याचं टोक उचलून मला दाखवलं. दुधाचे डाग, कसलेतरी पिवळे ओघळ, किनार काळपट. चहूकडे पांढऱ्याशुभ्र चादरींच्या थप्प्या, आणि अख्ख्या दुकानात तेवढं एकच कापड मळकं.

“शी!” हे माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले. “किती घाण झालंय. धू म्हणावं त्यांना आता. वास मारत असेल.”

“खबरदार,” मी म्हटलं.

मला कळत नाही का? इतक्या महिन्यांत माझा वास कधीच उडून गेला असणार. रोज तिच्या मांडीवर असतं ते, आता त्याला तिचाच वास लागला असणार, आणि भिंगरी त्याच वासावर झोपत असणार. हे तिलाही माहीत आहे. तरी ती ते धूत नाही. मी फोन ठेवला आणि ह्यांच्यावर ओरडले, भात करपला म्हणून.